काळ्या मातीवरचे पूल, यार्डातले गर्डर

हुमनाबादला दोन मोठे रस्ते एकमेकांना भेटतात. पुण्याहून सोलापूरमार्गे हैदराबादला जाणारा राष्ट्रीय महामार्ग ६५ आणि नांदेड, देगलूर, बीदर करत कलबुर्गी-विजयपूरकडे उतरणारा राष्ट्रीय महामार्ग ५०. आता अक्कलकोटहून कलबुर्गी जिल्ह्यातून कर्नूलकडे नवा सहापदरी महामार्ग आखला गेला आहे. अशा रस्त्यावर कुठूनही चढता-उतरता येत नाही, त्यासाठी ठरावीक जागी इंटरचेंज बांधावे लागतात आणि इंटरचेंज म्हटला की पूल आलेच. या पुलांचे गर्डर आजकाल बहुतेक ठिकाणी आधीच यार्डात ओतून, मग क्रेनने उचलून खांबांवर ठेवतात. वेळ वाचतो हे त्याचं नेहमी सांगितलं जाणारं कारण. ते खरं आहे, पण बीदर-कलबुर्गीच्या पट्ट्यात त्याहून मोठं कारण पायाखालच्या जमिनीत आहे, असं मला वाटतं.

बीदरच्या पठारावर जांभा लागतो. तिथून कलबुर्गीकडे उतरलं की तुरीची काळी जमीन सुरू होते. ही माती पाणी पिऊन फुगते, उन्हात आकसून भेगाळते. गर्डर जागेवरच ओतायचा तर गाळ्याखाली लोखंडी टेकूंचं जंगल उभं करावं लागतं, आणि काँक्रीट स्वतःचं वजन पेलू लागेपर्यंत सगळा भार त्या टेकूंवर असतो. नेमक्या त्या दिवसांत एखादा जोराचा पाऊस झाला आणि एका बाजूचे टेकू बोटभर जरी खचले, तरी ओल्या काँक्रीटचा आकार बिघडतो. जास्त खचले तर सगळा डोलारा कोसळतो. पुलाचे खांब खोल, पक्क्या पायावर असतात. टेकू मात्र मातीवर उभे असतात. यार्डातला गर्डर हा धोकाच काढून टाकतो. शिवाय खालचा रस्ता महिनोन् महिने टेकूंनी अडत नाही. अर्थात यार्डातला ओतकामाचा ओटा आणि जड क्रेनचे पायही याच मातीवर येणार. म्हणून वरची काळी माती काढून मुरूम भरून दाबून घेतल्याशिवाय गत्यंतर नाही. फरक एवढाच, की हे काम प्रत्येक गाळ्याखाली विखरून न करता मोजक्या जागी नीट करता येतं.

गर्डरची खरी ताकद त्याच्या पोटातल्या पोलादी केबलमध्ये असते. काँक्रीट दाब उत्तम सोसतं, ताण सोसत नाही. बैलगाडीच्या चाकावर तापवून चढवलेली धाव निवताना आवळते आणि लाकडाचे तुकडे घट्ट धरून ठेवते, तसं इथे केबल जॅकने ओढून काँक्रीट आधीच दाबून ठेवतात. १५.२ मिलिमीटर जाडीच्या एकेका तारजुडीवर सुमारे २० टनांची ओढ असते. भारतात ही पद्धत नवी नाही. चेंगलपट्टूजवळचा पालार नदीवरचा पूल अशाच पूर्वताणित गर्डरांचा, १९५४ चा. पण ओढ देण्याआधी काँक्रीट पुरेसं पक्कं झालं पाहिजे, आणि कलबुर्गीत उन्हाळ्यात पारा चाळिशीपार जातो. भर दुपारी ओतलेल्या काँक्रीटमधलं पाणी गरम वाऱ्याने उडतं, वरच्या थरावर तडे पडतात. यार्डात रात्री ओतता येतं, ओलं गोणपाट कायम ठेवता येतं, निथळलेलं पाणी गोळा करून पुन्हा वापरता येतं. सेडम-वाडीचे कारखाने जवळ असल्याने सिमेंटची इथे वाण नाही. पाण्याची आहे.

आक्षेप आहेत, आणि ते वजनदार आहेत. २०२३ मध्ये शहापूरजवळ समृद्धी महामार्गावर गर्डर चढवण्याचं यंत्र कोसळून २० माणसं गेली; त्याच वर्षी चिपळूणला उड्डाणपुलाचं बांधकाम खाली आलं. आयते भाग उचलण्यात जोखीम आहे, हे कोण नाकारेल? तीस मीटरचा एक गर्डर साठ-सत्तर टनांचा असतो. उंच, अरुंद आणि एकटा उभा असताना आडवा कलंडू शकणारा. बेअरिंगवर टेकल्यापासून शेजारच्या गर्डरशी आडव्या तुळईने बांधला जाईपर्यंतचा काळ सर्वांत धोक्याचा. म्हणून त्याच पाळीत तात्पुरते आधार बसवून तो जखडल्याखेरीज क्रेनचा दोर सोडू नये, आणि तोवर खालची वाहतूक बंद ठेवावी. काही तासांची ही गैरसोय लोकांनी सोसायला हवी. दुसरा आक्षेप वळणांचा. सरळ गर्डर वळत नाही. हलक्या वळणावर वरचा स्लॅब कमीजास्त बाहेर काढून निभावतं, पण इंटरचेंजच्या घट्ट वळणाच्या उतारावर जागेवर ओतलेला किंवा पोलादी पूलच बरा. तिथे यार्डाचा हट्ट धरण्यात अर्थ नाही.

राहिली यार्डाची जागा. ती बहुधा शेतकऱ्याकडून भाड्याने घेतलेली असते. मुरूम अंथरून, रोलर फिरवून, जड ट्रेलर नेऊन दाबलेली काळी जमीन काम संपल्यावर लगेच तूर देत नाही. आधी काढलेला मातीचा वरचा थर बाजूला राखून ठेवणं, शेवटी ओटे आणि मुरूम उचलणं, जमीन खोल नांगरून तो थर परत पसरणं, हा खर्च पुलाच्याच हिशेबात धरून कंत्राटात लिहिला पाहिजे. शेवटचं बिल निघण्याआधी ते शेत प्रत्यक्ष पाहून ताब्यात दिलं गेलं पाहिजे.