मद्यपरवान्याची वही : ओळख पटविणें आणि ओळख टिपून ठेवणें

पोथ्यांच्या शोधांत हिंडणाऱ्या माणसाच्या हातीं हवे ते कागद क्वचित् आणि नको ते कागद नेहमीं येतात, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. कांहीं वर्षांपूर्वीं वाशीम जिल्ह्यांतील एका गांवीं जुना वाडा पाडला जात असतां तेथील रद्दींत एखादें दप्तर मिळेल, या आशेनें आम्ही गेलों होतों. दप्तर मिळालें नाहीं. एका ज्योतिषाच्या पोथीचीं सुटीं पानें, सावकारी खतांचें एक बाड आणि लाल कापडी बांधणीची एक वही, एवढेंच हातीं लागलें.

वही एका मद्यविक्रीच्या दुकानाची होती. सुमारें पन्नास वर्षांपूर्वींची. तारीख, परवान्याचा क्रमांक, परवानाधारकाचें नांव, गांव आणि घेतलेल्या मालाचें प्रमाण, असे तींत पांच रकाने होते. पांचसात पानें चाळतांच आम्हीं ती मिटली. कारण तींत एक नांव असें निघालें कीं, ज्यांच्याजवळ आम्ही रघुवंशाचा पहिला सर्ग शिकलों, त्या आमच्या गुरुजींचें तें होतें. दर महिन्यास एक बाटली. गांवांत ही गोष्ट कोणास ठाऊक नव्हती, आम्हांसहि नव्हती. गुरुजींस जाऊन पुष्कळ वर्षें लोटलीं. पण त्यांचे मुलगे व नातवंडें याच जिल्ह्यांत नांदत आहेत.

या वहीस मंडळाच्या संग्रहांत स्थान आहे काय, आणि असल्यास कोणत्या अटीवर, हा प्रश्न तेव्हांपासून आमच्या मनांत घोळत आहे. त्याचा निर्णय करण्यापूर्वीं, मद्य विकत घेणाऱ्यानें आपली ओळख द्यावी ही रीत कोठून आली व कशी बदलत गेली, तें पाहिलें पाहिजे.

१. ज्ञातशौच

या विषयाचा सर्वांत व्यवस्थित असा जुना विचार कौटिलीय अर्थशास्त्रांत सांपडतो. या ग्रंथाची पोथी तंजावरकडील एका पंडितानें म्हैसूरच्या प्राच्य ग्रंथालयास दिली आणि शामशास्त्री यांनीं १९०९ सालीं ग्रंथ छापून प्रसिद्ध केला, ही हकीकत संग्राहकांच्या परिचयाची आहेच. त्याच्या दुसऱ्या अधिकरणांतील पंचविसावा अध्याय सुराध्यक्षाचा आहे. मद्य सामान्यतः पानगृहांतच बसून प्यावें, बाहेर नेऊं नये, असा तेथील नियम. अपवाद ज्ञातशौचांचा, म्हणजे ज्यांच्या वर्तनाची शुद्धता माहीत आहे, अशांचा. त्यांनीं पाव कुडुबापासून फार तर एक प्रस्थापर्यंत, म्हणजे चार कुडुबांपर्यंत, मद्य घरीं न्यावें. गृहस्थांस घरच्या कार्यासाठीं श्वेतसुरा व औषधासाठीं अरिष्ट करण्याची मोकळीक आहे. उत्सव, समाज व यात्रा यांसाठीं चार दिवसांची सूट आहे.

‘ज्ञातशौच’ या एका शब्दांत आजचा ओळखपत्राचा सगळा प्रश्न आला आहे. विक्रेत्यानें ग्राहक कोण हें जाणावें आणि त्यावरून किती माल द्यावयाचा तें ठरवावें. परंतु कौटिल्य येथेंच थांबत नाहीं. पानगृहांत गुप्त पुरुष ठेवून, कोणाचा खर्च नेहमींचा आहे व कोणाचा अवचित वाढला आहे, आगंतुक कोण आले आहेत, हें टिपण्याची व्यवस्था तो सांगतो. झिंगून निजलेल्या आगंतुकांचे मनोभाव दासींकडून जाणून घ्यावे, असेंहि सांगतो. पहिला नियम मद्याच्या नियंत्रणासाठीं. दुसरा माणसांवर नजर ठेवण्यासाठीं. दोन्ही एकाच अध्यायांत, एकाच अधिकाऱ्याच्या हातीं आहेत. एकांतून दुसरें किती सहज निघतें, हें ध्यानांत ठेवावें.

२. वाशीमचा ताम्रपट आणि नंतरचा काळ

आतां आमच्या जिल्ह्याकडे वळूं. वाशीम म्हणजे वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी वत्सगुल्म. दुसऱ्या विंध्यशक्तीचा, त्याच्या राज्यवर्ष ३७ चा ताम्रपट १९३९ सालीं येथें उजेडांत आला. त्यांत दान दिलेल्या गांवास ज्या सवलती दिल्या आहेत, त्यांची यादी लांबलचक व मोठी बोधप्रद आहे. मीठ व मद्य यांवरील राजाच्या हक्कांतून मोकळीक, असा त्यांतील एका पदाचा अर्थ विद्वानांनीं लावला आहे. दुसरें एक पद असें कीं, त्या गांवांत राजाच्या भटांनीं, म्हणजे शिपायांनीं, प्रवेश करूं नये. आजच्या अर्थानें हा व्यक्तीचा हक्क नव्हे. ती राजानें गांवास दिलेली देणगी आहे. तथापि एका मर्यादेच्या आंत सत्तेनें पाऊल टाकूं नये, ही कल्पना आमच्या भूमींत ताम्रपटावर कोरली गेली होती, हें विसरतां येत नाहीं.

पेशवाईंत दारू गाळण्यास व विकण्यास मनाई असल्याचे कागद आहेत. तसेच फिरंगी गोलंदाजांस सवलत दिल्याचेहि आहेत. न्यायमूर्ति रानडे यांनीं पेशव्यांच्या रोजनिशींवरील आपल्या विवेचनांत या धोरणाची दखल घेतली आहे. तेथें अपवाद वर्गास आहे. पुढें इंग्रजी अमलांत आबकारीचे मक्ते आले. त्या पद्धतींत सरकारास मक्तेदाराचें नांव हवें असे. पिणाऱ्याचें नांव विचारण्याचें कारण नव्हतें. तात्पर्य, सर्वांस मोकळीक असेल किंवा एका वर्गास सूट असेल, तर नांव लिहावें लागत नाहीं. बंदी सर्वांस आणि सूट एकेका माणसास, अशी योजना झाली म्हणजेच नांवांची वही जन्मास येते.

३. परवान्याचा जन्म

अशी योजना १९४९ च्या मुंबई दारूबंदी अधिनियमानें केली. मध्यप्रांत व वऱ्हाडाचा स्वतंत्र दारूबंदी कायदा १९३८ सालींच झाला होता. परंतु विदर्भ १९५६ सालीं मुंबई राज्यांत आल्यावर, १९५९ च्या विस्तार-कायद्यानें १९४९ चा अधिनियम आमच्याकडेहि लागू झाला. या अधिनियमास बलसारा यांनीं आव्हान दिलें असतां, सर्वोच्च न्यायालयानें १९५१ सालीं मद्यार्कयुक्त औषधें व प्रसाधनद्रव्यें यांसंबंधींचीं कांहीं कलमें रद्द ठरवून बाकीचा बहुतेक अधिनियम कायम ठेविला. एकांतपणाच्या हक्काची चर्चा त्या वेळीं झालीच नाहीं.

पुढें धोरण शिथिल झालें, पण अधिनियम रद्द झाला नाहीं. म्हणून महाराष्ट्रांत मद्य बाळगण्यास व पिण्यास कायद्यानें परवाना लागतो. तो एका दिवसाचा, एका वर्षाचा किंवा आजीवन असतो. त्याचें कारण म्हणून आरोग्यरक्षण नमूद असतें. म्हणजे जें कौटिल्यानें औषधार्थ म्हटलें, तेंच येथें छापील नमुन्यांत आलें. सौम्य मद्यास २१ व तीव्र मद्यास २५ वर्षें ही वयोमर्यादा आहे. व्यवहारांत पुष्कळ दुकानीं परवाना कोणी विचारीत नाहीं, हें सर्वांस ठाऊक आहे. पण जो नियम नित्य पाळला जात नाहीं, तो इच्छेस येईल तेव्हां आणि इच्छेस येईल त्याच्यावर चालवितां येतो; आणि हा दोष कडकपणाहून मोठा आहे.

४. वहीची नवी जात

मे २०२० मध्यें, साथीच्या टाळेबंदींत, दुकानांपुढें रांगा लागल्या. तेव्हां परवानाधारकांस मद्य घरपोंच देण्यास शासनानें अनुमति दिली. ज्यांनीं कधीं परवान्याचें नांव ऐकलें नव्हतें, त्यांनींहि राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या संकेतस्थळावर अर्ज केले. नांव, पत्ता, जन्मतारीख, छायाचित्र व ओळखीचा पुरावा, हें सर्व आतां कागदावर नव्हे, संगणकाच्या साठ्यांत जातें.

हा फरक संग्राहकांस चटकन् उमगेल. वाळवी, उंदीर व ओल हे आमचे जन्माचे वैरी. परंतु सामान्य माणसाच्या अब्रूचे ते नकळत रक्षक होते. लाल वहींतील नांव पाहण्यास तें गांव, तो वाडा आणि ती रद्दी गांठावी लागली. नव्या साठ्यांत नांव उच्चारतांच नोंद पुढें येऊं शकते. तिची नक्कल काढण्यास लेखक लागत नाहीं, आणि ती दुसऱ्या साठ्याशीं जोडण्यास क्षणहि लागत नाहीं. विमा, नोकरी, सोयरीक, निवडणूक, कोठें ती नोंद उपयोगी पडणार नाहीं?

येथें दुसऱ्या बाजूचेंहि ऐकलें पाहिजे. वयाची खातरजमा न करतां कोवळ्या मुलांस मद्य विकलें जातें, हें आम्हीं शिक्षक या नात्यानें डोळ्यांनीं पाहिलें आहे. २०१५ सालीं मुंबईंत मालवणी येथें विषारी दारूनें शंभराहून अधिक माणसें मेलीं. ज्या घरांत दारू शिरली त्या घरांतील बाईस, नवऱ्याच्या एकांतपणाचा हक्क हा विद्वानांचा विनोद वाटेल. विदर्भांतील वर्धा व गडचिरोली जिल्ह्यांत दारूबंदी आहे. चंद्रपुरांत २०१५ सालीं झाली व २०२१ सालीं उठविली गेली. हे प्रश्न पुस्तकी नव्हेत. म्हणूनच विक्रेत्यानें ओळख मागूं नये, असें आमचें म्हणणें नाहीं.

५. निर्णय

आमचें म्हणणें एवढेंच कीं, पाहणें व टिपणें ह्या दोन क्रिया निराळ्या आहेत. वय कळण्यास जन्मतारखेचा पुरावा पाहून परत देणें पुरेसें आहे. घरचा पत्ता, छायाचित्राची प्रत आणि ‘आधार’चा क्रमांक यांनीं माणूस अधिक वयाचा होत नाहीं. २४ ऑगस्ट २०१७ रोजीं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनीं एकांतपणाचा हक्क मूलभूत ठरविला. अशा हक्कांत हात घालावयाचा तर कायद्याचा आधार, उचित हेतु आणि हेतूच्या प्रमाणांतच उपाय, या कसोट्या त्या निर्णयांतून निघाल्या. परवान्याच्या वहीस पहिल्या दोन कसोट्या कदाचित् उतरवितां येतील. तिसरी जड जाईल. १९४९ च्या त्याच अधिनियमाविरुद्ध, गुजरातेंत घराच्या चार भिंतींतील एकांतपणाच्या आधारें झालेले अर्ज सुनावणीस घेण्याजोगे आहेत, असें तेथील उच्च न्यायालयानें २३ ऑगस्ट २०२१ रोजीं ठरविलें. यावरून प्रश्न जिवंत आहे हें उघड आहे.

राहतां राहिली आमची वही. एका स्नेह्यानें सुचविलें कीं, सामाजिक इतिहासाचें साधन म्हणून ती जशीच्या तशी छापावी. दुसऱ्यानें सुचविलें कीं, कुटुंबियांची संमति घ्यावी. पण संमति मागावयास जाणें म्हणजेच जें झांकलेलें तें उघडें करणें! जाळून टाकावी, असाहि विचार मनांत आला; परंतु ज्यानें आयुष्यभर जुनें पान वांचविण्याचा उपदेश केला, त्याच्या हातून तें होईना.

शेवटीं आम्हीं असें केलें. रकान्यांचीं नांवें, नोंदींची महिनेवार संख्या व मालाचें प्रमाण यांची टिपणी उतरून घेतली. इतिहासास हवें तें एवढ्यांत येतें. मूळ वही कापडांत बांधून मोहोर केली आणि तींतील माणसांचीं नातवंडेंहि मागें राहिलीं नाहींत, तेव्हांच ती उघडावी, असें वर लिहून ठेविलें. या लेखांत त्या गांवाचें नांव नाहीं, तें याच कारणास्तव. आमच्या हयातींत ती मोहोर फुटणार नाहीं, आणि तें योग्यच आहे.

आम्ही जुन्या कागदांचे शोधक दुसऱ्यांच्या पत्रांवर जगतों. जो नियम आम्ही शासनास सांगतों, तो प्रथम आपल्या दप्तरास लावून घ्यावा. वाचकांपैकीं कोणाजवळ अशा परवान्यांच्या किंवा आबकारीच्या वह्या असतील, तर त्यांनीं रकाने व आंकडे आम्हांस अवश्य कळवावे. नांवें कळवूं नयेत.