घासून पालथा घातलेला डबा

दहावीचा निकाल लागला की पोरांना लातूर-नांदेडला ठेवायचं, ही मराठवाड्यात आता रीतच झाली आहे. नांदेडच्या भाग्यनगर-श्यामनगरात, लातूरच्या ट्यूशनच्या गल्ल्यांत खोल्याच खोल्या. माझी भाची लातूरला अशाच एका खोलीवर राहायची. कधीही गेले तरी मेसचा डबा घासून पालथा घातलेला. आम्हाला केवढं कौतुक! दिवाळीला घरी आल्यावर ताईनं तिच्या डोक्याला तेल लावायला घेतलं, तर केसांचा पुंजका हातात आला. उकाड्यातही अंगात स्वेटर. बाही वर केली तर दंडावर मऊ, बारीक लव उगवलेली. डबा रोज गल्लीतल्या कुत्र्यांना जात होता, हे मग कळलं.

या आजाराचं नाव अॅनोरेक्सिया नर्व्होसा. लंडनचे डॉक्टर विल्यम गल यांनी तो 1873 च्या सुमारास नोंदवला, म्हणजे मोबाईल किंवा मॉडेलिंगच्या कितीतरी आधी. आपल्याकडे तो ओळखू येत नाही, कारण त्याला पांघरुणं फार. सोमवार, गुरुवार, चतुर्थी असे उपवास वाढत जातात आणि घर म्हणतं, पोरगी देवभोळी आहे. वजन उतरतं, तर अभ्यासानं सुकली. चक्कर आली की सलाईन आणि रक्तवाढीच्या गोळ्या. पाळी बंद झाल्याचं मात्र कुणी विचारत नाही. ज्या वयात हाडं भरायची त्याच वयात ती ठिसूळ होऊ लागतात, नाडी मंदावते.

बुलिमिया तर आणखी लपतो, कारण त्यात वजन बहुतेकदा ठीकच दिसतं. एकदम खूप खाणं, मग ते उलटून टाकणं. 1979 साली जेराल्ड रसेल यांनी त्याचं वर्णन केलं. जेवल्याबरोबर बाथरूम आणि सोडलेला नळ, सुजलेले गाल, झिजलेले दात, बोटांच्या पेरांवरचे घट्टे या त्याच्या खुणा. सारखं 'पित्त झालंय' म्हणणाऱ्या मुलीचे हात एकदा बघावेत. उलट्यांनी रक्तातलं पोटॅशियम घटतं आणि हृदयाचे ठोके अचानक बिघडू शकतात. मुलगेही यातून सुटत नाहीत. जिमच्या नादात जेवण तोडणारा पोरगा कुणाला आजारी वाटतच नाही.

ताईला सगळ्यात कोड्यात टाकायचं ते हे, की पोरगी यूट्यूबवर तासन्तास पाककृती बघायची आणि खायची काहीच नाही. 'नाटकं करते,' असं आम्हीही म्हणालो. 1944-45 मध्ये अमेरिकेत मिनेसोटाला 36 धडधाकट तरुणांना काही महिने अर्धपोटी ठेवलं होतं. तेही पाककृतींची पुस्तकं जमवू लागले, चिडचिडे झाले, एकलकोंडे झाले. उपाशी मेंदू असाच वागतो. रागावून त्याला ताळ्यावर आणता येत नाही.

आणि म्हणून लगेच लाडू-करंज्यांचा आग्रहही नको. फार दिवस उपाशी राहिलेल्या शरीरात अन्न एकदम गेलं तर रक्तातलं फॉस्फेट कोसळून जीव धोक्यात येतो. खाणं डॉक्टरांच्या देखरेखीखाली, हळूहळू वाढवायचं. नांदेड आणि लातूर दोन्हीकडे सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं आहेत, तिथल्या मानसोपचार विभागात जाता येतं. 14416 हा टेली-मानसचा क्रमांक मोफत आहे, दिवसरात्र चालतो, मराठीतही बोलता येतं. पण पोरगी बेशुद्ध पडली किंवा छातीत धडधडतंय म्हणाली, तर फोन करत बसू नका, थेट दवाखाना गाठा.

ताई आता लातूरलाच खोली करून राहते. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे दोघी समोरासमोर जेवायला बसतात, आणि ताटावर असताना मार्कांचा आणि वजनाचा विषय निघत नाही. काही दिवस चांगले जातात, काही अर्ध्या भाकरीवर अडतात. परवा रात्री ताईचा फोन आला. आवाज भरून आलेला. आठ महिन्यांनी पोरीला पाळी आली होती.