उंबरठ्यावरचा रेणू

बादली नवी कोरी. रंग अगदी मोरपंखी! बोहारणीशी तासभर घासाघीस करून, दोन जुन्या साड्या आणि एक पँट देऊन घेतलेली. आणि महिना-दोन महिने होतात न होतात तोच कडीपाशी बारीकशी चीर दिसायला लागते. मग एक दिवस भरलेली बादली उचलताना कडी हातात आणि पाणी पायावर! वैरागच्या बाजारातून आणलेली असो की बार्शीच्या दुकानातून, हा अनुभव बहुतेक घरांत आहेच. आपण काय म्हणतो? "स्वस्तातलं ते, किती दिवस टिकणार!" आणि विषय संपवतो.

पण मैत्रिणींनो, विषय इथं संपत नाही, सुरू होतो. स्वस्त म्हणजे नेमकं काय? प्लास्टिक तर तेही आणि हेही. मग एक बादली दहा वर्षं कशी चालते आणि दुसरी दोन महिन्यांत का तडकते? उन्हानं प्लास्टिक ठिसूळ होतं, कधी त्यात खडूची भुकटी जास्त घातलेली असते, ही कारणं आहेतच. पण एक मोठं कारण आणखी आहे. अशी बादली पुष्कळदा भंगारातल्या प्लास्टिकपासून बनते आणि त्या भंगारात दोन-तीन जातींचं प्लास्टिक एकत्र वितळवलेलं असतं. वितळताना ते एक झाल्यासारखं दिसतं, पण एक होत नाही. आत, डोळ्यांना न दिसणाऱ्या जागी, ते वेगळंच राहतं.

सुटे मणी आणि ओवलेल्या माळा

प्लास्टिक हे एकाच पदार्थाचं नाव नाही, तो एक मोठा गोतावळा आहे. दुधाची पिशवी पॉलिथिनची. अंगणातली खुर्ची आणि खताचं विणलेलं पोतं पॉलिप्रॉपिलिनचं. पाण्याची पारदर्शक बाटली 'पेट'ची. शेतातला पाइप पीव्हीसीचा. या सगळ्यांना शास्त्रज्ञ 'पॉलिमर' म्हणतात. म्हणजे लहान लहान घटक एकापुढे एक जोडून झालेली लांबच लांब साखळी.

आता गंमत बघा. पॉलिथिन आणि पॉलिप्रॉपिलिन दोन्ही फक्त कार्बन आणि हायड्रोजनची. म्हणजे अगदी सख्ख्या बहिणीच म्हणा ना! तरीही त्या एकमेकींत मिसळत नाहीत. साखर पाण्यात विरघळते, मग या बहिणींना काय झालं?

एका ताटलीत मूठभर काळे मणी आणि मूठभर लाल मणी सुटे टाका आणि ताटली हलवा. क्षणात मिसळतील. मिसळून बसायच्या असंख्य तऱ्हा त्यांना मोकळ्या असतात. आता तेच मणी ओवून काळ्यांच्या आणि लालांच्या लांबलांब माळा करा आणि मग हलवा. एक मणी सरकायचा तर अख्खी माळ सोबत न्यावी लागते. मिसळायच्या तऱ्हा एकदम कमी होतात. अशा वेळी दोघींत जराशी जरी नावड असली, तरी तीच शेवटचा निकाल लावते. पॉल फ्लोरी आणि मॉरिस हगिन्स या दोन अमेरिकी शास्त्रज्ञांनी 1942 च्या सुमारास हा हिशेब स्वतंत्रपणे मांडला. फ्लोरींना पुढं 1974 मध्ये नोबेल पारितोषिक मिळालं.

म्हणून वितळलेल्या प्लास्टिकमध्ये काय होतं? वरणावर तेलाचे थेंब तरंगावेत तसे एकाचे थेंब दुसऱ्यात अडकून राहतात आणि गार झाल्यावर तसेच घट्ट होतात. प्रत्येक थेंबाभोवती एक सांधा तयार होतो. बादली तडकते ती या सांध्यापाशी.

सांध्यात डोकवायचं कसं?

हा सांधा किती जाड असेल? अवघा काही नॅनोमीटर. एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. आपला एक केस साधारण ऐंशी हजार ते एक लाख नॅनोमीटर जाड असतो. म्हणजे केसापुढंही हा सांधा काहीच नाही! न्यूट्रॉन कणांचा झोत सोडून त्याची जाडी मोजता येते. पण तिथं कोणती साखळी कशी वळली, कुणाचं टोक कुणाच्या हद्दीत शिरलं, हे एकेक करून बघायचं तर डोळा अपुरा आणि यंत्रही अपुरं.

इथं संगणक मदतीला येतो. शास्त्रज्ञ संगणकात एक लहानशी पेटी कल्पितात. तिच्या एका बाजूला काळ्या माळा, दुसऱ्या बाजूला लाल माळा. समजा हजार माळा आणि प्रत्येकीत शंभर मणी. झाले एक लाख मणी. यातला एकेक मणी म्हणजे खऱ्या साखळीतल्या अणूंचा एक छोटा गठ्ठा. मण्यामण्यांना जोडणारा धागा म्हणजे एक स्प्रिंग. मग संगणकाला नियम सांगायचे. शेजारी फार जवळ आला तर ढकल, आपल्या जातीचा असला तर जरा ओढ, परका असला तर जरा दूर ठेव.

बस, एवढंच. त्यानंतर संगणक प्रत्येक मण्यावरचा ओढा आणि रेटा मोजतो, त्याला किंचित पुढं सरकवतो आणि पुन्हा मोजतो. एकेक पाऊल सेकंदाच्या अब्जाव्या भागाच्याही हजाराव्या भागाहून लहान! अशी लाखो, कोट्यवधी पावलं टाकली की मग त्या सांध्याचं चित्र उमटतं. दुसरीही एक रीत आहे. तिच्यात सापशिडीसारखा फासा टाकून मणी हलवतात आणि ती चाल नियमात बसते का ते तपासतात. जुगाराच्या अड्ड्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या गावावरून तिला 'मॉन्टे कार्लो' हे नाव पडलं. रसायनशास्त्रात संगणकाच्या अशा कामाला किती मान आहे, हे 2013 च्या नोबेलनं दाखवून दिलं. ते रेणूंची संगणकी प्रतिरूपं करण्याच्या पद्धतींसाठी मार्टिन कार्प्लस, मायकेल लेव्हिट आणि एरिए वॉर्शेल यांना मिळालं.

आणि या पेटीत दिसतं तरी काय? सांध्याजवळच्या साखळ्या अंग चोरून बसलेल्या दिसतात. परक्या घरी पाय आखडून बसावं तशा त्या हद्दीला समांतर चपट्या होतात. पलीकडं गेलेलीच असली तर कुणाचं नुसतं टोक, कुणाचा छोटासा वळसा. हे टोक पलीकडच्या माळांत चांगलं गुंतलं तर सांधा घट्ट. केसांचा गुंता ओढून सुटत नाही ना, अगदी तसंच. पण टोक पुरेसं आत गेलंच नाही तर गुंता होत नाही आणि जरा ताण आला की सांधा उघडतो. संगणकात ही पेटी दोन्ही बाजूंनी ताणूनही बघता येते. कुठं फाटतं, केव्हा फाटतं, सगळं कळतं. नवा पदार्थ करताना दहा वेळा पीठ वाया घालवण्यापेक्षा आधी प्रमाणाचा अंदाज घ्यावा, तसंच हे.

सासर-माहेर जोडणारी साखळी

मग उपाय? तोही आपल्या स्वयंपाकघरात आहे. तेलकट कढई नुसत्या पाण्यानं निघत नाही, साबण लागतो. साबणाच्या रेणूचं एक टोक तेलात रमतं आणि दुसरं पाण्यात. शास्त्रज्ञांनी प्लास्टिकसाठी असाच मध्यस्थ शोधला. अर्धी साखळी पॉलिथिनची, अर्धी पॉलिप्रॉपिलिनची. तिचा एक भाग इकडं मुरतो, दुसरा तिकडं आणि ती स्वतः बरोबर उंबरठ्यावर उभी राहते. सासर आणि माहेर दोन्हीकडं पाय असलेली लेकच म्हणा!

2017 साली अमेरिकेतल्या कॉर्नेल आणि मिनेसोटा विद्यापीठांच्या संशोधकांनी यातला एक सुंदर प्रयोग 'सायन्स' या साप्ताहिकात मांडला. त्यांनी दोनऐवजी चार तुकड्यांची साखळी केली. एक तुकडा इकडचा, पुढचा तिकडचा, पुन्हा इकडचा, पुन्हा तिकडचा. शिवणयंत्रावर टीप मारताना दोरा कापडाच्या या बाजूनं त्या बाजूला जातो, तशीच ही साखळी सांध्यावर टीप मारते. शंभर भागांत अशा साखळीचा एखादा भाग घातला तरी पूर्वी कटकन तुटणारं मिश्रण चांगलं ताणलं जाऊ लागलं.

वाचून वाटतं, आता भंगाराचा प्रश्न मिटला! पण तसं नाही. हा मध्यस्थ रेणू बनवायला खर्च येतो. शिवाय जोडी बदलली की मध्यस्थही बदलावा लागतो. पॉलिथिन आणि पॉलिप्रॉपिलिनला जोडणारा 'पेट'च्या उपयोगाचा नाही. कोणत्या जोडीला कोणता मध्यस्थ, किती लांबीचा, किती प्रमाणात, हे शोधायलाच तर संगणक हवा असतो. (आणि एक मनातलं सांगू? दोन्हीकडची ओढाताण सोसून रेणू थकत नाही. घरातली बाई मात्र थकते, हे विसरू नये.)

आपल्या पुण्यात

हे सगळं साता समुद्रापलीकडचं आहे असं समजू नका. पुण्यातली राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा 1950 पासून उभी आहे आणि पॉलिमरच्या संशोधनासाठी ती देशात नावाजलेली आहे. 1989 ते 1995 या काळात तिचे संचालक असलेले डॉ. रघुनाथ माशेलकर हेही पॉलिमरचेच शास्त्रज्ञ. गोव्यातल्या माशेलमध्ये जन्मलेल्या या मुलाला वडिलांच्या मागं आईनं मुंबईत कष्ट करून शिकवलं.

अशा कामाला लागणारी प्रचंड आकडेमोड करणारा 'परम' हा महासंगणकही पुण्याचाच. डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली सी-डॅक या संस्थेनं तो 1991 मध्ये तयार केला. त्याच मालिकेतला 'परम ब्रह्म' 2019 मध्ये पुण्यातल्या आयसर या संस्थेत बसवला गेला.

पण पुण्यातलं आणखी एक नाव इथं घ्यायलाच हवं. कचरा वेचणाऱ्या बायकांनी 1993 मध्ये 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' ही संघटना उभी केली. त्यातूनच पुढं 'स्वच्छ' ही सहकारी संस्था निघाली आणि 2008 पासून महापालिकेशी करार करून तिच्या सभासदांनी घरोघरचा कचरा गोळा करायला सुरुवात केली. या बायका प्लास्टिक हातात घेऊन, दाबून, वाजवून त्याची जात ओळखतात. महासंगणक जे लाखो मण्यांच्या हिशेबानं सांगतो की या दोन जाती एकत्र वितळवू नका, तेच या बायकांचे हात रोज करून दाखवतात. त्यांनी वेगळं केलेलं प्लास्टिक वेगळंच वितळतं आणि त्यापासून निघालेला दाणा टिकाऊ होतो. मध्यस्थ रेणूपेक्षा स्वस्त असा हा उपाय आहे!

वैरागच्या घरात काय करायचं?

एक छोटासा प्रयोग मुलांना करून दाखवा. पाण्याच्या बाटलीचा एक सपाट तुकडा कापा आणि झाकणाचाही एक तुकडा घ्या. दोन्ही बादलीभर पाण्यात बुडवून सोडा. झाकण तरंगेल, बाटलीचा तुकडा तळाला जाईल. एकाच वस्तूत दोन जाती! म्हणून रिकामी बाटली देताना झाकण काढून वेगळं ठेवा. वस्तूच्या बुडाशी त्रिकोणात 1 ते 7 मधला एक आकडा छापलेला असतो. 1 म्हणजे पेट, 2 आणि 4 म्हणजे पॉलिथिन, 3 म्हणजे पीव्हीसी, 5 म्हणजे पॉलिप्रॉपिलिन. तो मुलांना वाचायला लावा.

दुधाच्या पिशव्या धुऊन, वाळवून एका जागी ठेवा. बाटल्या दुसऱ्या पोत्यात. मोडक्या खुर्च्या, बादल्या, डबे तिसरीकडं. भंगारवाल्याला सगळी भेळ करून दिली तर तो कमी भाव देणार, हे तर आपल्याला माहीतच आहे. वेफर्सची चकचकीत पाकिटं मात्र कुणी घेत नाही. त्यांत वेगवेगळ्या जातींचे पापुद्रे एकावर एक चिकटवलेले असतात आणि ते सोडवता येत नाहीत. ती घरात कमीत कमी येतील असंच बघायला हवं.

आणि एक गोष्ट कळकळीनं सांगायची. चूल पेटवायला किंवा बंब तापवायला प्लास्टिक कधीच वापरू नका. तो धूर आधी बाईच्या छातीत जातो आणि मग मांडीवरच्या लेकराच्या. पीव्हीसी जळताना तर आम्लाचा वायू आणि डायऑक्सिनसारखी विषारी द्रव्यं बाहेर पडतात.

शेवटी, घरात बारावी सायन्सला असलेली लेक असेल तर हा मजकूर तिच्या हाती द्या. सोलापूरच्या पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर विद्यापीठात पॉलिमर रसायनशास्त्र हा एम.एस्सी.चा विषय आहे. मण्यांच्या माळांची ती पेटी चालवणारी 'लॅम्प्स'सारखी संगणक प्रणाली फुकट मिळते आणि छोटी पेटी साध्या लॅपटॉपवरही चालते. रसायनशास्त्र म्हणजे आम्लाच्या बाटल्या आणि जळणारे हात, म्हणून "मुलीच्या जातीला नको" असं म्हणणारे घरात कुणी असतील, तर त्यांना सांगा, यात हात जळत नाहीत, फक्त डोकं लागतं. ते तर आपल्या लेकींकडं भरपूर आहे, नाही का?