मोजावा तो विषाणू

नाकाच्या मागे, घशाच्या अगदी वरच्या टोकाला होणारा कर्करोग अंगात पसरला, की सर्वाधिक वेळा हाड गाठतो. पाठ दुखू लागते, माणूस मलम चोळत राहतो आणि स्कॅनला जाईपर्यंत मणक्यात गाठ धरलेली असते. ही कुणकुण रक्तातून आधीच लागावी, म्हणून हाँगकाँगच्या डॉक्टरांनी एका विषाणूचा माग काढला.

तो विषाणू एपस्टाइन-बार, १९६४ साली सापडलेला. जगातल्या नव्वद टक्क्यांहून अधिक प्रौढांच्या अंगात तो जन्मभर मुक्कामाला असतो. मग त्याला या रोगाची खूण मानायचे कसे? निरोगी माणसात तो मोजक्या पांढऱ्या पेशींत दडून बसतो. दक्षिण चीनमध्ये, किंवा आपल्याकडे नागालँडमध्ये, जास्त आढळणाऱ्या या कर्करोगात मात्र गाठीच्या जवळपास प्रत्येक पेशीत तो असतो. पेशी मरतात आणि त्याच्या डीएनएचे तुकडे रक्तद्रवात उतरतात. १९९९ मध्ये हाँगकाँगच्या डॉ. डेनिस लो यांच्या गटाने ५७ रुग्ण तपासले. ५५ जणांत हे तुकडे मिळाले.

खरी गंमत पुढे आहे. शस्त्रक्रियेने गाठ काढली, तर रक्तातले तुकडे दोन-अडीच तासांत निम्म्यावर येतात. रेडिएशन सुरू झाले, की पहिल्या आठवड्यात आकडा उलट चढतो, कारण पेशी भराभर मरत असतात. मग तो उतरतो. गाठीबरोबर हलणारा असा आकडा मिळणे ही मोठीच गोष्ट. उपचार संपल्यावरही तो शून्यावर आला नाही, तर रोग परतण्याची, दूरवर पसरण्याची भीती बरीच वाढते. शून्य आला म्हणून बेफिकीर मात्र राहता येत नाही. काहींचा रोग तरीही उलटतो. हाच आकडा रोग लवकर पकडायलाही कामी येतो. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत २०,१७४ पुरुषांचे रक्त तपासून ३४ जणांचा रोग पकडला गेला, त्यातले ७१ टक्के सुरुवातीच्या टप्प्यातले. एरवी हे प्रमाण २० टक्के असे.

खुद्द हाडात जन्मणाऱ्या ऑस्टिओसार्कोमा या कर्करोगालाही असा विषाणू आहे का? १९५०च्या दशकात पोलिओच्या लशीत माकडांच्या पेशींतून शिरलेल्या एसव्ही ४० या विषाणूचा अंश अशा गाठींत मिळाल्याचे १९९६ मध्ये जाहीर झाले. पुढे अनेक प्रयोगशाळांच्या हाती काहीच लागले नाही, आणि एसव्ही ४०च्या काही चाचण्यांत तर प्रयोगशाळेतलाच डीएनए मिसळल्याचे उघड झाले. एखाद्या गाठीत विषाणूचा तुकडा सापडला, तरी तो रोगाबरोबर वाढत-घटत नसेल, तर रुग्णाच्या उपयोगाचा नाही, असे मला ठामपणे वाटते.

म्हणून ऑस्टिओसार्कोमाची गाठ गुडघ्यापाशी आलेल्या पोराचे पुढे काय, हे सांगताना डॉक्टर विषाणू शोधत नाहीत. रोग फुप्फुसात गेला आहे का, हे ते आधी पाहतात. मग केमो देऊन गाठ काढली, की तिच्या चकत्या सूक्ष्मदर्शकाखाली जातात. नव्वद टक्के किंवा त्याहून जास्त गाठ मेलेली दिसली, तर आशेला चांगली जागा असते.