खेळाची परिभाषा आणि जुने खेळाडू

पत्त्यांचा खेळ हा व्याख्यानाचा विषय होऊ शकतो काय, अशी शंका आपणांपैकी पुष्कळांच्या मनात आली असेल. उन्हाळ्याच्या सुट्टीत दुपारच्या वेळी सतरंजी पसरून खेळावयाची ती गोष्ट. तिच्यावर विचार तो काय करावयाचा? परंतु मी आपणांस एक साधा प्रश्न विचारतो. उद्या कोणी आपल्या घरी येऊन म्हणाला की, "आजपासून 'हुकूम' हा शब्द बंद, त्याऐवजी मी सांगतो तो शब्द वापरावयाचा. खेळ तोच, पत्ते तेच, फक्त नाव बदलले," तर आपण काय कराल? बहुधा त्या गृहस्थाला चहा विचाराल आणि पुढचा डाव वाटावयास घ्याल. हुकूम हा शब्द कोणाच्या मालकीचा नाही, म्हणून तो बदलण्याचा अधिकारही कोणाला नाही.

पण जगात असाही एक पत्त्यांचा खेळ आहे की ज्याचे शब्द एका कंपनीच्या मालकीचे आहेत. ती कंपनी ते वेळोवेळी बदलते, आणि दर वेळी जुने खेळाडू रागावतात. हा राग केवळ हट्टाचा आहे की त्यात काही तथ्य आहे, हे आज पाहावयाचे आहे.

या खेळाचे नाव 'मॅजिक : द गॅदरिंग'. रिचर्ड गारफील्ड या अमेरिकन गणितज्ञाने तो रचला आणि 1993 साली सिएटलजवळच्या 'विझर्ड्स ऑफ द कोस्ट' या कंपनीने तो बाजारात आणला. दोन खेळाडू म्हणजे दोन जादूगार, अशी यातील कल्पना आहे. प्रत्येकाच्या जवळ वीस प्राण असतात. प्रतिपक्षाचे प्राण शून्यावर आणले की डाव जिंकला. पत्ते पुडक्यांतून विकत मिळतात. कोणत्या पुडक्यात कोणता पत्ता निघेल ते आधी कळत नाही. म्हणून खेळाडू आपसांत पत्त्यांची देवघेव करतात, आपापला निदान साठ पत्त्यांचा जोड तयार करतात आणि मग खेळावयास बसतात. पहिल्या संचात सुमारे तीनशे निरनिराळे पत्ते होते. आज त्यांची संख्या 25,000 च्या वर गेली आहे.

आता आपल्या नेहमीच्या पत्त्यांत आणि या पत्त्यांत जो मुख्य भेद आहे तो लक्षात घ्या. बदामाच्या राणीवर एकही वाक्य लिहिलेले नसते. तिचे काम काय, हे खेळणाऱ्यांच्या डोक्यात असते. मॅजिकच्या बहुतेक पत्त्यांवर मात्र त्या पत्त्याचा नियम छापलेला असतो : अमुक घडले तर तमुक करा, प्रतिपक्षाचा एक प्राणी नष्ट करा, दोन पत्ते उचला. म्हणजे हा खेळ चित्रांनी जितका खेळला जातो त्याहून अधिक वाक्यांनी खेळला जातो. कायद्याच्या कलमात 'आणि' च्या जागी 'किंवा' पडला तर खटल्याचा निकाल फिरतो. तसेच येथेही एका शब्दाने डाव फिरतो. अशा खेळात परिभाषा ही सजावटीची वस्तू नव्हे, ती खेळाची सामग्रीच आहे.

ही परिभाषा अनेकदा बदलली. 1999 साली खेळाची सहावी आवृत्ती निघाली, तेव्हा एक मोठा फेरफार झाला. त्यापूर्वी प्राण्याच्या पत्त्यावर 'समन', म्हणजे 'आवाहन करा', असा शब्द छापलेला असे. जादूगाराने मंत्र म्हणावा आणि राक्षस पुढे उभा राहावा, असा त्या शब्दाचा थाट होता. सहाव्या आवृत्तीपासून तेथे 'क्रीचर', म्हणजे नुसता 'प्राणी', असे येऊ लागले. 'इंटरप्ट' नावाचा पत्त्यांचा एक अख्खा वर्गही त्याच वेळी रद्द झाला.

याहून मोठे वादळ उठले ते 2009 च्या जून महिन्यात. कंपनीने त्या वर्षीच्या नव्या संचाबरोबर नियमांतील व शब्दांतील बदलांची एक यादीच जाहीर केली. तीतील दोन बदल आपण जरा खोलात जाऊन पाहू, म्हणजे दोन्ही बाजूंचे म्हणणे ध्यानात येईल.

पहिला बदल 'प्ले' या शब्दाचा. टेबलावर मांडलेल्या पत्त्यांच्या जागेला तोपर्यंत 'इन प्ले' म्हणत. हातातून पत्ता टाकण्याला 'प्ले' म्हणत. शिवाय 'पुट इंटू प्ले', म्हणजे पत्ता थेट टेबलावर ठेवणे, ही तिसरीच क्रिया होती. आणि गंमत अशी की, 'पुट इंटू प्ले' केलेला पत्ता 'प्ले' केला असे धरले जात नसे! जो पंधरा वर्षे खेळत होता त्याला यात काहीच अडचण नव्हती. पण दहा-बारा वर्षांचे जे मूल पहिल्यांदाच पुडके उघडून वाचू लागे, त्याने काय समजावे? कंपनीने त्या जागेला 'बॅटलफील्ड', म्हणजे रणभूमी, असे नाव दिले. आणि मंत्राचा पत्ता टाकण्याला 'कास्ट' हा शब्द ठरवला. मौज अशी की, 'कास्ट' हा शब्द 1993 च्या अगदी पहिल्या पत्त्यांवर होताच. 1999 साली तो काढला गेला आणि दहा वर्षांनी परत आला. नवा म्हणून ज्याला नाके मुरडली गेली, तो वस्तुतः सर्वांत जुना शब्द होता.

दुसरा बदल याहून विचार करण्याजोगा आहे. काही पत्ते वापरल्यावर 'रिमूव्ह्ड फ्रॉम द गेम', म्हणजे 'खेळातून बाद', होत. आरंभी तो पत्ता खरोखरच त्या डावापुरता संपे. पण पुढे असे पत्ते निघाले की जे बाद झालेल्या पत्त्याला काही वेळाने परत आणीत. 2007 साली निघालेला 'ऑब्लिव्हियन रिंग' हा त्यांपैकी एक प्रसिद्ध पत्ता. ती अंगठी नष्ट झाली की तिने बाद केलेला पत्ता पुन्हा टेबलावर येई. जो परत येतो तो खेळातून बाद कसा? शब्द खोटा पडू लागला होता. म्हणून 2009 पासून 'एक्झाइल', म्हणजे हद्दपारी, हा शब्द आला. हद्दपार झालेला मनुष्य जिवंत असतो आणि कधीकाळी परतही येऊ शकतो. तेव्हा शब्द चपखल होता, हे मान्य केले पाहिजे.

मग जुने खेळाडू का रागावले? त्यांच्या रागाची तीन कारणे मला दिसतात, आणि तिन्ही सारख्याच योग्यतेची नाहीत.

पहिले कारण सवयीचे. जिभेला वळण पडलेले असते. रणभूमी म्हटल्यावर तेथे योद्धे असावेत. तेथे डोंगर आणि जंगल दाखवणारे जमिनीचे पत्ते काय करतात, अशी थट्टा करता येते. परंतु सवयीचा राग सवयीनेच जातो. आज जे तरुण खेळतात त्यांना 'रणभूमी' या शब्दात काही खटकत असेल असे वाटत नाही.

दुसरे कारण गंभीर आहे. कंपनी म्हणते, "फक्त नाव बदलले". पण पुष्कळदा नावाबरोबर वस्तूही बदलते. 2002 साली काही 'विश', म्हणजे 'इच्छा', या नावाचे पत्ते निघाले होते. खेळाच्या बाहेर असलेला आपल्या मालकीचा एक पत्ता आत आणता यावा, हा त्यांचा गुण. जोपर्यंत बाद झालेला पत्ता 'खेळाबाहेर' मानला जाई, तोपर्यंत इच्छेच्या पत्त्याने तो परत मिळवता येई. जागेचे नाव 'एक्झाइल' झाले आणि हद्दपारी ही खेळाच्या आतलीच एक जागा ठरली. त्याबरोबर इच्छेच्या पत्त्याची ही शक्ती गेली. पत्ता तोच, त्यावरची शाई तीच, पण त्याचे काम कमी झाले. ज्याने तो पत्ता जपून ठेवला होता, त्याची तक्रार निव्वळ हट्टाची होती असे कसे म्हणता येईल?

तिसरे कारण मला सर्वांत जिव्हाळ्याचे वाटते. छापलेला पत्ता बदलत नाही. 1994 साली घेतलेल्या पत्त्यावर आजही 'समन' असेच लिहिलेले आहे. प्रत्येक पत्त्याचे आजचे अधिकृत वाक्य कोणते, हे कंपनीच्या 'ऑरॅकल' नावाच्या नोंदीत पाहावे लागते, आणि स्पर्धेत वाद झाला तर पंच ती नोंद प्रमाण मानतो. हातातला पत्ता नव्हे. म्हणजे खेळाडूने स्वतःच्या पैशाने घेतलेला, वर्षानुवर्षे सांभाळलेला कागद त्याच्याच हातात जुना दस्तऐवज होऊन बसतो. तो वाचून खेळू गेला तर चुकण्याचा संभव. इतकेच नव्हे, तर जो काल नवशिक्यांना खेळ शिकवीत होता, त्यालाच आज नवशिका म्हणतो, "काका, असे नाही आता म्हणत." ज्ञानाने मिळालेला मान एका जाहीरनाम्याने उतरतो. हे दुःख पत्त्यांपुरतेच आहे असे आपणांस वाटते काय?

आता दुसरी बाजूही तितक्याच न्यायाने मांडली पाहिजे. जे आत बसले आहेत त्यांना आवाज असतो. जे दाराशी उभे आहेत त्यांना तो नसतो. अवघड शब्दामुळे ज्याने खेळ पहिल्याच दिवशी सोडला तो निषेधाचे पत्र लिहावयास येत नाही. म्हणून बदलाविरुद्धचा गलबला नेहमी मोठा ऐकू येतो आणि बदलाचा लाभ मुकाट्याने होतो. शिवाय अडचण एकाच कंपनीची नव्हती. जपानमध्ये जन्मलेल्या 'यु-गी-ओ' या दुसऱ्या खेळाच्या इंग्रजी पत्त्यांवरही 'खेळातून बाद' अशाच अर्थाचे शब्द होते आणि तेथेही बाद झालेले पत्ते परत येत. 2011 साली त्या खेळानेही ते शब्द टाकून 'बॅनिश', म्हणजे पुन्हा हद्दपारीच, हा शब्द घेतला. दोन निरनिराळे खेळ स्वतंत्रपणे एकाच मुक्कामी येतात, तेव्हा वाट चुकली असे म्हणणे अवघड जाते.

तथापि शब्द नेहमी वरूनच खाली येतात असे मात्र नाही. 1994 च्या एका संचात 'मिलस्टोन', म्हणजे जाते, नावाचा पत्ता होता. प्रतिपक्षाच्या गठ्ठ्यातील वरचे दोन पत्ते थेट टाकाऊ ढिगात घालावयाचे, हे त्याचे काम. हे वाक्य दर वेळी कोण म्हणणार? खेळाडूंनी जात्यावरून क्रियापद केले : 'मिल करणे', दळणे. पुढे असे काम करणारे कितीतरी पत्ते निघाले. त्यांवर जात्याचा काही संबंध नव्हता, तरी सर्व खेळाडू 'दळणे' हेच म्हणत. पत्त्यांवर मात्र ते लांबलचक वाक्यच छापले जाई. शेवटी 2020 साली कंपनीने 'मिल' हा शब्द अधिकृत करून पत्त्यावर छापला. शब्द जिभेवरून कागदावर यावयाला सव्वीस वर्षे लागली.

उलट अनुभवही आहे. पत्त्याची एकूण किंमत सांगणारा 'कन्व्हर्टेड मॅना कॉस्ट' हा अवजड शब्दप्रयोग 2021 साली 'मॅना व्हॅल्यू' असा सुटसुटीत केला गेला. पण जुने खेळाडू त्याला आद्याक्षरांनी 'सीएमसी' म्हणत आले होते, आणि त्यांतले पुष्कळ आजही तसेच म्हणतात. त्यांनी तो शब्द आधीच सुटसुटीत करून घेतला होता. नव्याने त्यांची कोणती अडचण दूर होणार? आणि ज्या 'समन' शब्दापासून आपण आरंभ केला, तो प्राण्यांच्या पत्त्यावरून जाऊन पाव शतक लोटले. तरी नुकत्याच आलेल्या प्राण्याला त्याच फेरीत हल्ला करता येत नाही, या नियमाला सगळे 'समनिंग सिकनेस', आवाहनाची ग्लानी, असेच म्हणतात. कंपनीच्या नियमावलीलाही ते बोलीभाषेतील नाव नमूद करावे लागले आहे.

या सर्वांवरून मला एवढेच सांगावयाचे आहे की, शब्द छापण्याचा अधिकार मालकाचा असतो, पण तो चालवण्याचा अधिकार खेळणाऱ्यांचा असतो. ज्या नव्या शब्दाने खरी अडचण दूर केली तो रागावलेल्यांच्याही तोंडी बसला. 'एक्झाइल' हे त्याचे उदाहरण. ज्याने केवळ नीटनेटकेपणा आणला तो कागदावर राहिला. म्हणून बदल करणाऱ्याने प्रथम ऐकावे की, लोक आधीच काय म्हणत आहेत. आणि नावाबरोबर वस्तू बदलत असेल तर तसे स्पष्ट सांगावे. जुन्या खेळाडूनेही स्वतःला एक प्रश्न विचारावा : मी शब्दाचे रक्षण करीत आहे, की दार अडवून उभा आहे?

आपणांस हे दूरचे वाटू नये. सरकारी अर्जावर 'दिनांक' छापलेला असतो; आपण तो निमूटपणे भरतो आणि शेजाऱ्याला विचारतो, "आज तारीख काय हो?" दोन्ही शब्द नांदत आहेत आणि कोणाचे काही अडलेले नाही. त्या पत्त्यांच्या टेबलावरही बहुधा असेच चालू राहील. नवा मुलगा 'हद्दपार' म्हणेल, समोरचा पोक्त गृहस्थ 'बाद' म्हणेल, आणि दोघांनाही एकमेकांचे कळेल. मग डाव पुढे चालेल.