‘कुणीकडं निघालात?’ : संचारस्वातंत्र्य आणि संशयाचा कायदा

गावाकडच्या वाटेवर समोरून येणारा माणूस ‘कुणीकडं निघालात?’ असे विचारतो, तेव्हा त्याला उत्तराची फारशी अपेक्षा नसते. ‘हे काय, इथंच’ एवढे म्हटले तरी त्याचे समाधान होते. तोच प्रश्न वर्दीतल्या माणसाने विचारला की त्याचा अर्थ पालटतो. उत्तर द्यावे लागते, ते त्याला पटावे लागते आणि पटले नाही तर वाट तिथेच संपते.

2020 च्या टाळेबंदीत एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात जायला ई-पास लागत होता, तेव्हा आपल्यापैकी अनेकांना या दुसऱ्या प्रकारच्या प्रश्नाची पहिल्यांदा ओळख झाली. कुठे जायचे, का जायचे, कधी परतणार, हे सारे लिहून द्यायचे आणि परवानगीची वाट पाहायची. तो जाच काही महिन्यांत सरला. साथीचे कारणही सर्वांना ठाऊक होते. पण याच देशात काही जमातींना असा पास पिढ्यान् पिढ्या बाळगावा लागला, आणि त्यामागचे कारण त्यांचा जन्म एवढेच होते. संचारस्वातंत्र्य या शब्दाचा अर्थ समजून घ्यायचा तर तिथून सुरुवात करायला हवी.

रूळ आणि पास

1853 मध्ये मुंबई-ठाणे रेल्वे धावली आणि पुढच्या काही दशकांत देशभर रूळ पसरले. प्रवास सोपा झाला. पण बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ वाहून नेणाऱ्या लमाणांच्या तांड्यांचा धंदा त्याने हिरावला. त्याच काळात, 1871 मध्ये, सरकारने ‘गुन्हेगार जमाती कायदा’ केला. आधी तो उत्तरेतल्या काही प्रांतांपुरता होता. 1911 च्या सुधारित कायद्याने तो सर्व ब्रिटिश हिंदुस्थानात लागू करण्याची सोय झाली. 1924 मध्ये त्याला आणखी एक रूप मिळाले.

कायद्याची रीत साधी होती. एखादी जमात ‘गुन्हेगार’ आहे असे सरकारने जाहीर करायचे. त्या जाहीरनाम्याला न्यायालयात आव्हान देता येत नसे. मग त्या जमातीतल्या माणसांची नोंदवही तयार व्हायची, त्यांनी ठरावीक वेळी हजेरी द्यायची आणि ठरवून दिलेल्या हद्दीबाहेर पाय टाकायचा तर पास घ्यायचा. पासाविना सापडल्यास अटक आणि शिक्षा. चोरी झाली का, कोणी केली, हे प्रश्न नंतरचे. हद्द ओलांडणे हाच गुन्हा होता.

सोलापुरात अशा जमातींसाठी तारेच्या कुंपणाची वसाहत होती. तिथल्या लोकांना मराठीत ‘सेटलमेंट’ हा शब्द कुणी शिकवावा लागला नाही. या वसाहतीतली माणसे गिरण्यांत कामाला जात, परत येत आणि हजेरी देत. दिवसभर यंत्रावर राबणाऱ्या माणसालाही संध्याकाळी आपण पळून गेलो नाही याचा पुरावा द्यावा लागे.

या कायद्यामागची समजूत नीट ओळखली पाहिजे. ज्याला घर-शेत आहे तो सज्जन, आणि जो फिरतो तो काहीतरी लपवतो, अशी ती समजूत. व्यापारी फिरला तर तो व्यापार, साहेब फिरला तर दौरा, वारकरी फिरला तर वारी. पण कैकाडी, पारधी किंवा कंजारभाट फिरला तर टेहळणी.

संविधानाचे अभिवचन

26 जानेवारी 1950 रोजी लागू झालेल्या संविधानाच्या अनुच्छेद 19 ने प्रत्येक नागरिकाला भारतभर मुक्तपणे संचार करण्याचा आणि कुठेही राहण्याचा अधिकार दिला. जनतेच्या हितासाठी किंवा अनुसूचित जमातींच्या हिताच्या रक्षणासाठी त्यावर ‘वाजवी’ निर्बंध घालण्याची मुभाही राज्याला दिली. मुंबई प्रांताने गुन्हेगार जमाती कायदा 1949 मध्येच रद्द केला होता. केंद्राचा कायदा मात्र 31 ऑगस्ट 1952 रोजी गेला. म्हणजे मूलभूत अधिकार आणि पासाचा कायदा अडीच वर्षे एकाच देशात नांदत होते. 31 ऑगस्ट हा ‘विमुक्त दिन’ म्हणून पाळला जातो, तो याच कारणाने. बाकीचा देश ज्या स्वातंत्र्याची पाच वर्षे साजरी करून बसला होता, ते या लोकांच्या वाट्याला तेव्हा आले.

आणि तेही अर्धेच. जमात गुन्हेगार ठरवणे थांबले, पण ‘सराईत गुन्हेगार’ ठरवण्याचे कायदे आले. मुंबई राज्याचा असा कायदा 1959 चा आहे. कागदावर आता व्यक्तीचे नाव होते; पण पोलीस ठाण्यातली जुनी यादी आणि जुनी नजर एका रात्रीत बदलत नाही.

तडीपारी : हद्दीबाहेर घालवण्याचा अधिकार

संचाराचा अधिकार जसा जाण्याचा आहे, तसाच तो हाकलले न जाण्याचाही आहे. मध्य प्रांताचे माजी पंतप्रधान, नागपूरचे डॉ. ना. भा. खरे यांना 1950 मध्ये दिल्लीतून हद्दपार करण्यात आले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. तीन विरुद्ध दोन अशा मतांनी न्यायालयाने हुकूम वैध ठरवला. एकेकाळी प्रांताचा कारभार पाहिलेल्या माणसाचीही ही गत, तर ज्याला वकील परवडत नाही त्याचे काय?

आपल्याकडे ‘तडीपार’ हा शब्द रोजच्या वर्तमानपत्रातला आहे. 1951 च्या पोलीस कायद्यानुसार एखाद्याच्या हालचालींमुळे भीती किंवा धोका निर्माण होतो, किंवा तो काही ठरावीक गुन्ह्यांत गुंतला असून साक्षीदार पुढे यायला घाबरतात, असे सक्षम अधिकाऱ्याला वाटले तर त्याला कमाल दोन वर्षे हद्दीबाहेर काढता येते. त्यासाठी न्यायालयात गुन्हा शाबीत व्हावा लागत नाही. नोटीस द्यावी लागते, पण तिच्यात आरोपांचे साधारण स्वरूप कळवले तरी पुरते. खरोखरच्या दहशतीला आळा घालायला हे हत्यार लागते, हा पोलिसांचा युक्तिवाद पोकळ नाही. घाबरलेल्या वस्तीचाही काही हक्क असतोच. म्हणूनच 2022 मध्ये जालना जिल्ह्यातल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तडीपारीचा अधिकार कायम ठेवला, पण तो हुकूम रद्द केला. तडीपारी हा असाधारण उपाय आहे, त्याने घरातल्या माणसांपासून आणि पोटापाण्यापासून तोडले जाते, तेव्हा कारणे नोंदवल्याशिवाय पूर्ण दोन वर्षांचा हुकूम देता येणार नाही, असा त्या निकालाचा आशय आहे.

पाठलाग आणि मन

1962 मध्ये उत्तर प्रदेशातले खरक सिंग प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढे आले. पुराव्याअभावी सुटलेल्या या माणसावर पोलीस पाळत ठेवत, रात्री-अपरात्री दार ठोठावत. रात्रीच्या भेटी न्यायालयाने अवैध ठरवल्या. पण नुसत्या पाळतीने संचाराला बाधा येत नाही, कारण त्याचे पाय कुणी बांधलेले नाहीत, असे बहुमताने म्हटले. न्यायमूर्ती सुब्बा राव यांना हे पटले नाही. ज्याच्या प्रत्येक पावलावर डोळा आहे त्याच्या पायांत बेडी नसली तरी मनावर ती असते, असे त्यांच्या भिन्न मताचे सार आहे. पुढे न्यायशास्त्र त्यांच्याच दिशेने सरकले.

सुब्बा राव यांचे म्हणणे पालावर राहणाऱ्या माणसाला कुणी समजावून सांगायला नको. नव्या गावाच्या शिवेवर बिऱ्हाड टाकले की आधी पोलीस पाटलाकडे जायचे, हे तिथे लहान मुलालाही ठाऊक असते.

पुराव्याची तारीख

आता दुसरी बाजू. महाराष्ट्रात विमुक्त जाती व भटक्या जमातींच्या जातीच्या दाखल्यासाठी 21 नोव्हेंबर 1961 ही तारीख मानली जाते. त्याआधीपासून कुटुंब राज्यात राहत होते, हे दाखवायचे. म्हणजे ज्यांना कोणत्याही गावाने टिकू दिले नाही, त्यांनीच आपण एका ठिकाणी टिकलो होतो याचा कागद आणायचा. आजोबांची नोंद बहुधा पोलिसांच्या दप्तरातच असणार.

3 ऑक्टोबर 2024 रोजी तुरुंगातल्या जातिभेदाविषयी निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने विमुक्तांचा हाच इतिहास मांडला आणि त्यांना मनमानी अटकेपासून जपण्याचे निर्देश पोलिसांना दिले. कायदा रद्द होऊन 72 वर्षे झाल्यावर असा निर्देश द्यावा लागतो, यातच सारे आले.

रस्ता मोकळा असणे म्हणजे संचारस्वातंत्र्य नव्हे. मी रस्त्यावर का आहे, याचा जाब मला द्यावा लागू नये, हे त्याचे मर्म आहे. तुम्हा-आम्हाला तो जाब फारसा कुणी विचारत नाही, म्हणून हा हक्क आपल्या लक्षातही येत नाही. दिवाळीला गावी जाताना एसटी स्टँडमागच्या मोकळ्या जागेत दोन-चार पाले दिसली, तर तिथल्या माणसांनाही वाटेत कुणीतरी ‘कुणीकडं निघालात?’ विचारले असेल. ते कोणत्या सुरात विचारले गेले, यावर या देशातला हा हक्क किती खरा आहे ते ठरते.