पक्षाघात : रुग्णालयातून घरी आल्यानंतर

पक्षाघाताला आपल्या सीमाभागात ‘लकवा मारला’ किंवा ‘अंगावरून वारं गेलं’ असे म्हणतात. या शब्दप्रयोगांत एक हताशपणा आहे. वारे येते आणि जाते, त्यापुढे माणसाचे काय चालणार, असा त्यांचा भाव. वैद्यकशास्त्राने गेल्या तीस वर्षांत हा भाव बराचसा खोटा ठरविला आहे. रक्ताच्या गुठळीमुळे झालेल्या पक्षाघातात, योग्य रुग्णाला साडेचार तासांच्या आत गुठळी विरघळविणारे औषध देता येते. मोठ्या रक्तवाहिनीतील गुठळी नळीवाटे काढण्याचा उपयोग २०१५ सालच्या चाचण्यांनी सिद्ध केला. निपाणीहून कोल्हापूर सुमारे चाळीस किलोमीटर आणि बेळगाव सुमारे पंचाहत्तर. तेव्हा तोंड वाकडे होणे, हात लुळा पडणे, बोलणे अडखळणे यांपैकी काहीही अचानक दिसले, तर घड्याळ पाहावे आणि तडक सीटी स्कॅनची सोय असलेले रुग्णालय गाठावे.

परंतु या लेखाचा विषय ते पहिले काही तास नसून त्यांच्यानंतरचे महिने हा आहे. मी बालरोगतज्ज्ञ, म्हणजे हा प्रांत माझा नव्हे. तरीही २०१९ साली निपाणीत राहणाऱ्या माझ्या थोरल्या वहिनींना पक्षाघात झाला आणि डॉक्टरऐवजी नातेवाईक म्हणून हा आजार जवळून पाहण्याचा प्रसंग आला. पहाटे जाग आली तीच उजवा हात आणि वाचा गेलेल्या अवस्थेत. आजार नेमका केव्हा सुरू झाला हे सांगता येत नसल्याने गुठळी विरघळविण्याचे औषध देता आले नाही. बाराव्या दिवशी त्या घरी आल्या आणि खरी परीक्षा तेथून सुरू झाली.

घरी आलेल्या रुग्णाभोवती प्रेमाने जमलेली माणसे नकळत इजा करू शकतात, हे प्रथम ध्यानात घ्यावे. ‘घोटभर चहा तरी द्या’ हा आग्रह सर्वांत धोकादायक. गिळण्याची क्रिया दुर्बल झाली असेल तर तो घोट श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होतो. म्हणून गिळण्याची तपासणी झाल्याखेरीज तोंडावाटे काहीही देऊ नये आणि देताना रुग्णाला ताठ बसवावे. दुसरी गोष्ट म्हणजे लुळा हात धरून ओढणे. त्याने खांद्याचा सांधा निखळतो आणि पुढे कित्येक महिने तेच दुखणे रुग्णाला व्यायामापासून दूर ठेवते. स्वतः हलू न शकणाऱ्या रुग्णाची दर दोन तासांनी कूस बदलली नाही, तर शय्याव्रण होतात. गावोगावचे तेल आणि मुळ्या यांच्या नादात रक्तदाबाच्या गोळ्या बंद करणे, हा तर दुसऱ्या झटक्याला धाडलेला सांगावाच होय. आणि तंबाखूविषयी निपाणीच्या माणसाने वेगळे काय सांगावे? ज्या पिकाने या गावाला वैभव दिले, तेच रक्तवाहिन्यांचे वैरी आहे.

वहिनींच्या बाबतीत मला सर्वाधिक शिकविले ते त्यांच्या वाचेने. त्यांचे माहेर गोकाककडचे, कन्नड. लग्न होऊन आमच्या मराठी घरात आल्याला चाळीस वर्षे उलटली होती. त्यांनी या घरात मराठीत संसार केला, मराठीत मुले वाढविली, आम्हा धाकट्यांना मराठीत रागावल्या. पक्षाघातानंतर तिसऱ्या आठवड्यात त्यांच्या तोंडून पहिला स्पष्ट शब्द आला तो ‘नीरु’, म्हणजे पाणी. दुसरा ‘साकु’, म्हणजे पुरे. घरातील काही मंडळी कावरीबावरी झाली. त्या आपल्याला ओळखत नाहीत की काय, असे त्यांना वाटले.

तसे काही नव्हते. बहुभाषक रुग्णांत वाचाघातानंतर सर्व भाषा एकाच वेळी आणि सारख्याच प्रमाणात परतत नाहीत. काहींची मातृभाषा आधी परतते. आजारापूर्वी जी भाषा अधिक सरावाची, ती आधी परतते, असे फ्रेंच वैद्य पित्र यांनी १८९५ साली मांडले होते. सर्वांना लागू पडेल असा एकच नियम मात्र नाही. हैदराबादच्या निझाम्स इन्स्टिट्यूटमधील ६०८ रुग्णांचा डॉ. सुवर्णा अल्लाडी व सहकाऱ्यांचा अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. पक्षाघातानंतर बौद्धिक क्षमता शाबूत राहिलेल्यांचे प्रमाण बहुभाषकांत सुमारे चाळीस टक्के, तर एकभाषकांत सुमारे वीस टक्के आढळले. वाचाघाताचे प्रमाण मात्र दोहोंत सारखेच होते. सीमाभागात दोन भाषांचा आपण वाद म्हणूनच अधिक विचार करतो. मेंदूच्या दृष्टीने ती शिदोरी ठरू शकते.

आमच्या घराने मग एक साधा निर्णय घेतला. वहिनी ज्या भाषेत बोलतील, त्या भाषेत उत्तर द्यायचे. बाजारापुरती कन्नड येणारे दादा सत्तरीच्या उंबरठ्यावर पत्नीशी कन्नडात बोलू लागले. चुकीचा शब्द आला की वहिनींच्या चेहऱ्यावर हसू उमटे. तेच आमच्या घरचे वाचोपचार! पाचव्या महिन्यात त्यांनी मला ‘भावजी’ म्हणून हाक मारली. मराठी परत येत होती.

येथे माझ्या व्यवसायातील एक मोह सांगितला पाहिजे. कुशीवर वळणे, बसणे, उभे राहणे, पाऊल टाकणे, मग शब्द, हा क्रम पाहून बालरोगतज्ज्ञाला विकसित होणारे मूल आठवते. परंतु रुग्ण मूल नव्हे. मुलाला काय गमावले हे ठाऊक नसते, रुग्णाला ते क्षणोक्षणी ठाऊक असते. पक्षाघात झालेल्यांपैकी सुमारे एकतृतीयांश रुग्णांना नैराश्य येते. त्याला ‘हट्टीपणा’ म्हणू नये, त्यावर उपचार आहेत. वहिनींनी गाऊन घालण्यास साफ नकार दिला, तेव्हा दादा लुगड्याच्या निऱ्या घालायला शिकले. व्यायामाच्या कोणत्याही तक्त्यात ही गोष्ट नसते. पण त्या दिवसापासून वहिनी व्यायामाला स्वतःहून तयार होऊ लागल्या.

मग सर्व भार कुटुंबावर सोपवावा काय? याचे उत्तर भारतातच मिळाले आहे. ‘अटेंड’ या चाचणीत १४ रुग्णालयांतील १२५० रुग्णांपैकी निम्म्यांच्या नातेवाइकांना पुनर्वसनाचे प्रशिक्षण देण्यात आले. २०१७ साली ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष आले. सहा महिन्यांनंतर मृत्यू किंवा परावलंबित्वाचे प्रमाण दोन्ही गटांत सारखेच, ४७ टक्के होते. याचा अर्थ कुटुंब निरुपयोगी आहे असा नव्हे. कुटुंबाची माया फिजिओथेरपिस्टची जागा घेऊ शकत नाही, एवढाच त्याचा अर्थ. आणि शुश्रूषा करणाऱ्या माणसालाही झोप, विसावा आणि स्वतःच्या रक्तदाबाची तपासणी लागतेच.

सुधारणेचा वेग पहिल्या तीन महिन्यांत अधिक असतो, पण ती तेथे थांबत नाही. लुई पाश्चर यांना १८६८ साली वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी पक्षाघात झाला, डावी बाजू कायमची अधू राहिली. पत्नी मारी त्यांचे लेखनिकपण करीत राहिल्या. रेबीजची लस नऊ वर्षांच्या जोसेफ माइस्टरला दिली गेली ती त्यानंतर सतरा वर्षांनी, १८८५ साली. कुत्रा चावलेल्या मुलाला लस देताना मला हे आठवते.

आपल्या संघटनेच्या सभासदांना एक विनंती. आपल्यापैकी प्रत्येकाच्या दवाखान्यात असे कुटुंब येते. औषधांच्या चिठ्ठीबरोबर गिळणे, खांदा, कूस आणि नैराश्य या चार गोष्टी मराठी व कन्नड अशा दोन्ही भाषांत छापलेला एक कागद त्यांच्या हाती द्यावा. तालुक्याच्या गावी आठवड्यातून एक दिवस फिजिओथेरपिस्ट आणि वाचोपचारतज्ज्ञ यावेत, यासाठी आपण एकत्र प्रयत्न करावेत. वहिनी आज काठी घेऊन अंगणापर्यंत जातात. उजव्या हातात अद्याप बळ नाही, पण बोलतात भरपूर, दोन्ही भाषांत.